ताणाने मेंदूच्या पेशी सुकतात म्हणे, मग भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढते कशी?

पावसाळीढग

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. साडेतीन महिन्यांपूर्वी आम्ही एक मोठा कुत्रा दत्तक घेतला, वय तीनेक वर्षं, नाव मोती. आधी जिथे होता तिथे त्याला दिवसचे दिवस छोट्या पिंजऱ्यात कोंडून ठेवायचे एवढंच कळलंय, बाकी इतिहास माहीत नाही. आता आमच्याकडे त्याला कशाची कमी नाही, पण साखळी वाजली, दार आपटलं, ढग गडगडले की कॉटखाली जाऊन बसतो, थरथरत राहतो, अर्धा अर्धा तास बाहेर येत नाही. घरातले म्हणतात विसरेल हळूहळू. मी आपली रात्री वाचत बसले तर एके ठिकाणी होतं की सततच्या ताणाने प्राण्यांच्या मेंदूतल्या पेशींच्या फांद्या आखडतात, पेशी सुकतात. इथे माझं डोकं अडकलं. पेशी सुकल्या, जोडण्या कमी झाल्या, तर भीतीपण कमी व्हायला पाहिजे ना? भीतीसुद्धा त्याच मेंदूत तयार होते ना? मग सुकलेला मेंदू जास्त कसा काय घाबरतो? शाळेत चेतापेशी, वृक्षिका, अक्षतंतू एवढं शिकल्याचं आठवतंय, त्यापुढे पाटी कोरी. आणि दुसरं म्हणजे हे परत भरून येतं का? कोणी जाणकार असेल तर सोप्या भाषेत सांगा प्लीज.

गप्पिष्ट

सुकलेला मेंदू जास्त घाबरतो याचं जिवंत उदाहरण म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्रीचा मी. असो, जाणकार येईपर्यंत जागा धरून बसतो.

गोल्जीचा_गुलाम

ताई, प्रश्न अगदी नेमका आहे. याच प्रश्नापायी माझी तीन वर्षं मायक्रोस्कोपसमोर गेली (पीएचडी अर्धवट सोडली, ती कथा वेगळी), त्यामुळे पाल्हाळ लावणार, कंटाळा आला तर सांगा.

तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, अर्धं आहे. फांद्या आखडतात हे आधी दिसलं ते हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात. १९९० च्या आसपास न्यूयॉर्कला रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकइवन यांच्या लॅबमध्ये रॅटना (म्हणजे घरातली चिमुकली उंदरं नव्हे, मोठे पांढरे उंदीर) २१ दिवस कॉर्टिकोस्टेरॉन हे स्ट्रेसचं हार्मोन टोचलं, नंतरच्या प्रयोगात टोचण्याऐवजी रोज ६ तास अरुंद जागेत अडकवून ठेवलं, आणि दोन्ही वेळेला हिप्पोकॅम्पसच्या सीए३ नावाच्या पट्ट्यातल्या पेशींच्या वरच्या अंगाच्या वृक्षिका आखूड झालेल्या सापडल्या. तुमची शाळेतली वृक्षिका म्हणजेच डेंड्राइट, इतर पेशींकडून निरोप घेणाऱ्या फांद्या. पेशी मेलेली नसते हे लक्षात घ्या, तिने हात जवळ ओढून घेतलेले असतात. 'सुकते' हा शब्द त्यामुळे मला खटकतो.

हे दिसतं कसं ते सांगायचा मोह आवरत नाही कारण तेच तर आयुष्य होतं माझं. कामिलो गोल्जी यांनी १८७३ मध्ये काढलेली पद्धत आजही वापरतात, मेंदूचा तुकडा डायक्रोमेटमध्ये मुरवायचा, मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये, आणि शंभरातल्या मोजक्या पेशी पूर्ण काळ्या होतात, पार शेवटच्या फांदीपर्यंत, बाकीच्या काचेसारख्या पारदर्शक राहतात. सगळ्याच रंगल्या असत्या तर नुसता डांबराचा गोळा दिसला असता. मग पेशीच्या मध्याभोवती ठराविक अंतराने वर्तुळं काढायची आणि प्रत्येक वर्तुळाला किती फांद्या छेदून जातात ते मोजत बसायचं, १९५३ साली शॉल यांनी दाखवलेली ही युक्ती. मोजणाऱ्याला स्लाइड ताण दिलेल्या उंदराची आहे की आरामात बसलेल्याची हे सांगायचं नसतं, नाहीतर मन नकळत हवं तेच मोजतं. फांद्यांवर बारीक बारीक फुगवटे असतात, त्यांना स्पाइन म्हणतात, सांतियागो रामोन ई काहाल यांनी १८८८ मध्ये कोंबडीच्या मेंदूत पाहिले होते, एकेक साधारण मायक्रॉनभर (मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि बहुतेक उत्तेजित करणारे निरोप तिथेच उतरतात. डोळे गेले माझे ते मोजून.

आता तुमच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं. २००२ मध्ये बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेसमध्ये सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने रॅटना रोज २ तास असं १० दिवस हलता येणार नाही असं जखडून ठेवलं आणि मग हिप्पोकॅम्पसबरोबर ॲमिग्डालाही पाहिला. ॲमिग्डाला म्हणजे बदामाच्या आकाराचा भाग, धोक्याची घंटा वाजवणारा. हिप्पोकॅम्पसमध्ये अपेक्षेप्रमाणे फांद्या आखडलेल्या. आणि ॲमिग्डालाच्या बेसोलॅटरल भागातल्या काट्याकाट्यांच्या पेशींमध्ये फांद्या वाढलेल्या. ताण तोच, दिवस तेवढेच, आणि मेंदूच्या एका कोपऱ्यात पानगळ तर दुसऱ्या कोपऱ्यात पालवी.

म्हणून मेंदू सगळा मिळून सुकतो असं धरलंत तर कोडं सुटत नाही. घंटा वाजवणाऱ्या पेशींना निरोप घ्यायला जास्त जागा मिळाली. आणि हिप्पोकॅम्पसचं एक काम असतं घंटा बंद करायला मदत करणं. धोका दिसला की मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसकडून त्याच्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीला आणि तिथून किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथीला हुकूम जातो, स्ट्रेस हार्मोन रक्तात येतं, ते परत मेंदूत पोचतं आणि हिप्पोकॅम्पसमधले रिसेप्टर (हार्मोन चिकटायच्या पेशींमधल्या जागा) ते ओळखून 'पुरे आता' असा निरोप द्यायला हातभार लावतात. हे हार्मोन हिप्पोकॅम्पसमध्ये जाऊन भरपूर चिकटतं हे मॅकइवन यांनीच १९६८ मध्ये दाखवलेलं. तिथल्याच फांद्या आखडल्या की 'पुरे' म्हणणारा आवाज बारीक होतो. शिवाय ही जागा कुठली, ही वेळ कुठली हे ओळखण्यातही हिप्पोकॅम्पस लागतो. म्हणजे साखळी वाजली तर ती त्या पिंजऱ्याची की तुमच्या फाटकाची हा फरक करणारा भाग अशक्त आणि किंचाळणारा भाग दणकट. मोतीच्या मेंदूत नेमकं हेच झालंय असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण तुमचं कोडं असं सुटतं.

शंकासुर

गुलामसाहेब छान लिहिलंत, पण मी माझ्या नावाला जागतो.

एक तर रॅट. उंदराला चिंता वाटते हे कशावरून ठरवता? अधिक चिन्हाच्या आकाराचा उंचावर ठेवलेला पाट असतो, दोन हात भिंती असलेले आणि दोन उघडे, उंदीर उघड्या हातावर कमी वेळ गेला की म्हणे 'चिंताग्रस्त'. अहो मी पण त्या उघड्या फळीवर गेलो नसतो! माप उपयोगी आहे मान्य, चिंता कमी करणारी औषधं दिली की उंदीर उघड्यावर जास्त फिरतात हे खरंय, पण ते माप आहे, उंदराच्या मनातला मजकूर नाही. आणि माप किती नाजूक बघा, उंदीर हाताळणारा पुरुष असेल तर त्याच्या नुसत्या वासाने उंदरांचा ताण वाढतो असं २०१४ मध्ये मॅकगिल विद्यापीठातल्या लोकांनी दाखवलं. २०१० मध्ये लिव्हरपूलमधून आलं की छोट्या उंदरांना शेपटीने उचलण्यापेक्षा नळीत घेऊन किंवा ओंजळीत उचललं तर याच टेस्टमध्ये ते कमी घाबरट दिसतात. म्हणजे त्याआधी वर्षानुवर्षं शेपटीला धरून उचललेल्या उंदरांची 'चिंता' मोजत होतो त्यात शेपटीचा वाटा किती?

दुसरं, ताण म्हणजे एकच गोष्ट असल्यासारखं लिहिलंत. त्याच बंगळुरूच्या गटाने रोज बदलणारा, अंदाज न येणारा ताण देऊन पाहिला तेव्हा ॲमिग्डालात ती पालवी आली नाही आणि उंदीर जास्त घाबरटही झाले नाहीत. हे कसं विसरलात?

तिसरं, यातले बरेचसे उंदीर नर. १९९७ मध्ये मादी रॅट घेऊन तोच २१ दिवसांचा प्रयोग केला तेव्हा सीए३ मधल्या त्या वरच्या फांद्या नरांसारख्या आखडल्या नाहीत. मग 'प्राण्यांमध्ये असं होतं' म्हणताना अर्धे प्राणी कुठे गेले?

गोल्जीचा_गुलाम

शंकासुर, विसरलो नव्हतो हो, उत्तर लांबेल म्हणून गिळलं. पण तुमचा दुसरा मुद्दा उलट माझ्याच बाजूचा आहे. नुसता ताण दिला म्हणून भीती वाढली असती तर दोन्ही गटांत वाढायला हवी होती. वाढली ती ज्या गटात ॲमिग्डालाच्या फांद्या वाढल्या त्याच गटात. याने कारण सिद्ध होत नाही, मान्य, पण फांद्यांचा आणि वागण्याचा काहीतरी धागा आहे एवढं नक्की म्हणता येतं. मादींचा मुद्दा शंभर टक्के मान्य, आमच्या लॅबमध्येही 'पाळीचक्रामुळे आकडे हलतात' म्हणून माद्या टाळायचे, आळसाला दिलेलं शास्त्रीय नाव.

आणि सगळीकडे दोनच रंग नाहीत. कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या मधल्या भागात दीर्घ ताणाने फांद्या आखडतात, तर त्याच प्रीफ्रंटलच्या डोळ्यांच्या वरच्या भागात वाढतात. मधला भाग आखडलेल्या रॅटना नियम बदलला की लक्ष दुसरीकडे वळवायला जड जातं. एकाच माळ्याने एका झाडाला छाटावं आणि शेजारच्याला खत घालावं असा प्रकार.

प्राणीडॉक

मी प्राण्यांची डॉक्टर, मेंदूच्या स्लाइड कॉलेजनंतर पाहिलेल्या नाहीत, त्यामुळे वरच्या दोघांच्या भांडणात पडत नाही. मला मोतीबद्दल विचारायचंय.

पावसाळीढग, तो कॉटखाली जातो तेव्हा तुम्ही काय करता? बाहेर ओढत असाल तर आजपासून बंद करा. लपायची जागा ही घाबरलेल्या प्राण्याची गरज असते, लाड नव्हे. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात निवाऱ्यात नवीन आलेल्या काही मांजरांना लपायला खोकी दिली आणि काहींना दिली नाहीत, तर खोकीवाल्यांचा ताण पहिल्या काही दिवसांतच लवकर उतरला. साधं पुठ्ठ्याचं खोकं! कुत्र्यालाही अशी एक जागा ठरवून द्या, जिथे कोणी त्याला हात लावणार नाही, आणि तो स्वतःहून येईपर्यंत थांबा.

साखळी मुद्दाम जोरजोरात वाजवून 'सवय लावा' असं कोणी सुचवेल, ऐकू नका. आवाज इतका हळू सुरू करायचा की तो फक्त कान टवकारेल, त्यावर लगेच त्याच्या आवडीचं काहीतरी, आणि दिवसागणिक नखभर वाढवायचं. मध्येच घाबरला तर दोन पायऱ्या मागे. कंटाळवाणं काम आहे. एवढ्याने भागलं नाही तर औषधं आहेत, फ्लुओक्सेटिन, क्लोमिप्रामिन कुत्र्यांनाही देतात, पण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि डोस तपासून ठरवावा लागतो. घरातल्या माणसाची उरलेली गोळी अर्धी करून देणारे लोक मी पाहिलेत म्हणून आधीच सांगते, तसं करू नका.

पावसाळीढग

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! डॉक, खरं सांगते, पहिले काही दिवस ओढून काढत होतो त्याला, 'काही नाही रे' म्हणत कुरवाळायला. आता अपराधी वाटतंय. कॉटखालीच त्याची गोधडी टाकली आजच.

पण गुलामदादा, माझा दुसरा प्रश्न राहिला, परत भरून येतं का? आणि एक विचित्र गोष्ट सांगायची राहिली. मोती आला तेव्हा पहिला आठवडा दीड आठवडा एकदम शांत होता. दार आपटलं तरी नुसता बघायचा. आम्ही म्हटलं किती गुणी आहे. नंतर हे सगळं सुरू झालं. घरात सगळे एकमेकांकडे बघायला लागलो की आपल्याच कोणाकडून काही झालं का.

गोल्जीचा_गुलाम

आधी भरून येण्याचं. तुमच्या घरच्यांचं 'विसरेल हळूहळू' हिप्पोकॅम्पसला लागू पडतं, ॲमिग्डालाला नाही, निदान रॅटमध्ये तरी. १० दिवस जखडल्यानंतर २१ दिवस नुसतं शांत ठेवलं तर हिप्पोकॅम्पसच्या फांद्या परत पूर्ववत झाल्या. ॲमिग्डालाच्या वाढलेल्या फांद्या तशाच होत्या, आणि भीतीही तशीच. हे २००४ मध्ये छापून आलं. प्रीफ्रंटलमध्येही तरुण रॅटच्या फांद्या ताण थांबला की परत येतात, म्हाताऱ्यांच्या तशा येत नाहीत. मोती तीन वर्षांचा, म्हणजे वयाने तरुणच.

आखडणं म्हणजे बिघाडच असं मी का मानत नाही तेही सांगतो. शीतनिद्रा घेणाऱ्या जमिनीवरच्या खारी असतात, त्या थंडीत गारठून पडतात तेव्हा त्यांच्या त्याच सीए३ पेशींच्या फांद्या आखडतात, आणि जाग आली की काही तासांत परत पसरतात. काही तासांत! तेव्हा निसर्गाकडे हे बटण आधीपासून आहे, दीर्घ ताणात ते दाबलं जातं, आणि काही जणांच्या मते पेशी त्या काळात अतिउत्तेजनापासून स्वतःला वाचवत असते. मला हे पटतं. ॲमिग्डालाला मात्र परतीचं बटण इतकं सहज सापडत नाही, आणि जंगलात राहणाऱ्या जनावराच्या हिशोबाने बघितलं तर ते बरोबरही आहे, एकदा जिथे जीव जाता जाता राहिला ते २१ दिवसांत विसरणारं जनावर फार दिवस टिकलं नसतं.

तुम्ही डॉकनी सांगितलं तसं हळूहळू शिकवाल तेव्हा जुनी भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवीन आठवण बसते, आणि ती बसवायला प्रीफ्रंटल लागतो. म्हणून महिनाभर सगळं छान चाललं आणि नवीन जागी गेल्यावर मोती परत थरथरला तर 'सगळं पाण्यात गेलं' म्हणू नका. शमलेली प्रतिक्रिया काही काळाने आपसूक उसळते हे पावलॉव यांनी आपल्या कुत्र्यांवरच नोंदवलंय.

आता ते शांत आठवड्याचं. २००५ मध्ये त्याच गटाने रॅटना फक्त एकदा, २ तास जखडलं. दुसऱ्या दिवशी तपासलं, ॲमिग्डालात काही फरक नाही. १० दिवसांनी तपासलं तर फांद्या तेवढ्याच पण त्यांच्यावरचे स्पाइन वाढलेले, आणि उंदीर घाबरट झालेले. मधल्या दिवसांत त्यांना कोणी काही केलेलं नव्हतं. आणखी गंमत, २०१२ मध्ये दिसलं की त्या एका ताणाच्या वेळी पाण्यातून स्ट्रेस हार्मोन दिलं असेल तर १० दिवसांनंतरची ती वाढ आणि भीती दोन्ही येत नाहीत. पण २००८ मध्ये अमेरिकेत रूपा मित्रा आणि रॉबर्ट सापोल्स्की यांनी कुठलाही ताण न देता नुसता एक मोठा डोस टोचला तर १२ दिवसांनी ॲमिग्डालाच्या फांद्या वाढलेल्या! तेच रसायन एकदा ढाल, एकदा तलवार. या दोन पेपरांवर आमच्या लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत भांडणं व्हायची.

शंकासुर

थांबा थांबा, आता ताई १० दिवसांचं गणित मोतीला लावणार. रॅटचे १० दिवस म्हणजे कुत्र्याचे १० दिवस नव्हेत, आणि मोतीचा ताण एकदा २ तासांचा नव्हता, कित्येक महिन्यांचा होता.

प्राणीडॉक

शंकासुरांशी सहमत, पहिल्यांदाच बहुतेक. नवीन घरी आलेला कुत्रा पहिले काही दिवस 'गुणी' दिसतो तो बऱ्याचदा गोठलेला असतो. खात नीट होता का तेव्हा? शेपूट कुठे असायची? जांभया देणं, ओठ चाटत राहणं, नजर चुकवणं असं होतं का? शांत आणि निपचित यात फरक असतो. जरा सुरक्षित वाटायला लागलं की मग तो घाबरतोय हे दाखवायची हिंमत करतो. तुमच्यापैकी कोणी काही केलं असेलच असं नाही.

पावसाळीढग

खाण्याचं आठवतंय. पहिले चार पाच दिवस फक्त रात्री, आम्ही सगळे झोपल्यावर खायचा, सकाळी भांडं रिकामं दिसायचं. ओठ चाटायचा खूप, आम्ही म्हणायचो भूक लागली वाटतं. त्या दिवसांचे व्हिडिओ आहेत फोनमध्ये, आता परत बघते. गोधडीवर मघाशी स्वतःहून जाऊन बसलाय, काहीही वाजलेलं नसताना.

गप्पिष्ट

व्हिडिओ बघून कळवा हो. मी काही कळत नसताना शेवटपर्यंत वाचलंय, एवढा तरी हक्क आहे.